पाठमोरा आंतोनियो

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. समोर मातीचं एक लहानसं चॅपेल आहे. भिंती अशा जाड, की त्यांत माणूस आडवा झोपेल. आत गारवा आहे, मेणाचा वास आहे. कोनाड्यात लाकडाचा संत उभा आहे. सान आंतोनियो, हरवलेलं शोधून देणारा. त्याच्या डाव्या हातावर बाळ येशू बसलेला असायला हवा. नीट बघा. हात रिकामा आहे.

सांता फेला आलेल्या पाहुण्यांना वाटाडे सांगतात, की फार पूर्वीच्या बंडात ते बाळ हरवलं. पाहुणे हळहळतात, फोटो काढतात आणि जेवायला जातात.

वाटाड्यांची गोष्ट छान आहे, पण खरी नाही. खरी गोष्ट तुमच्याएवढ्या एका मुलीची आहे. ती गोड नाही, हे आधीच सांगतो. गोड गोष्टी सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील.

मोठ्या युद्धाच्या आधीचा काळ. एप्रिल महिना. जर्दाळूला नुकता मोहोर आला होता. फौजदार फाउस्तीनो आर्चुलेता कचेरीच्या पायरीवर बसून चिलगोजे फोडत होता. तेवढ्यात देल्फीना धावत आली. तिच्या एका पायात बूट होता, दुसरा हातात.

“फौजदारकाका, तो आला!”

“कोण आला? आधी बूट घाल.”

“तो चित्रकार! व्हिटलॉक! आत्ता मोटारीतून उतरला.” तिनं श्वास घेतला. “एकटाच आहे. आई नाहीये त्याच्याबरोबर.”

फाउस्तीनोच्या हातातला चिलगोजा हातातच राहिला.

मागच्या ऑगस्टपासून सगळं गाव एकच सांगत होतं. देल्फीनाची आई बेनिता त्या गोऱ्या चित्रकाराबरोबर पळाली. बेनिता विधवा होती, हसरी होती आणि त्याच्या घरी झाडलोट करायची. दोघं एकाच दिवशी दिसेनासे झाले. तिची पेटी आणि रविवारचे बूटही गेले. लोकांना एवढं पुरतं. खरं सांगायचं, तर फौजदारालाही तेवढं पुरलं होतं.

“आत्या रोज सांगते,” देल्फीना म्हणाली, “तुझ्या आईनं तुला टाकलं. रोज निजताना सांगते. टाकलं का हो तिनं मला?”

“माहीत नाही,” फाउस्तीनो उठला. “पण आता विचारल्याशिवाय राहायचो नाही.”

व्हिटलॉक सामान उतरवत होता. प्रश्न ऐकून तो आधी हसला. मग फौजदाराचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं.

“बेनिता? माझ्याबरोबर? अहो, मी दुपारच्या गाडीनं एकटाच भावाच्या लग्नाला गेलो होतो. आणि तिकडे आजारी पडलो.”

“जायच्या दिवशी ती भेटली होती?”

“सकाळी. म्हणाली, आज चॅपेल लिंपायचा दिवस, आज झाडायला येणार नाही. पायात काही नव्हतं. कोपरापर्यंत चिखल होता. मी आल्यावर मुलीचं चित्र काढून द्या, असंही म्हणाली. पळून जाणारी बाई असं बोलते का, साहेब?”

फाउस्तीनो तडक चॅपेलच्या आळीत, पेरालेस आळीत, गेला.

आता पेरालेस आळीची एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे. मातीच्या भिंती दरवर्षी लिंपाव्या लागतात, नाहीतर पाऊस त्या खाऊन टाकतो. पुरुष माती आणि गवत तुडवून आणतात, विटा रचतात. लिंपायचं काम मात्र बायकांचं, तेही नुसत्या हातांनी. सगळ्या मिळून लिंपतात. त्याच दिवशी संताला खाली उतरवून पुसतात आणि दुसऱ्या दिवशी त्याची मिरवणूक काढतात. हे सगळं बघायला दरवर्षी एक जोडपं नेमतात. किल्ली त्यांच्याकडे असते. त्या वर्षी ते जोडपं होतं एर्लिंदा आणि कासिमीरो. एर्लिंदा म्हणजे देल्फीनाची आत्या. आई गेल्यावर मुलगी तिच्याकडेच राहत होती.

एर्लिंदा दारातच मक्याचे दाणे निवडत होती. काळी शाल, सरळ पाठ. आळीत तिच्याएवढी मोठ्यानं प्रार्थना कुणी म्हणत नसे.

“या फौजदार. पोरीनं तुम्हालाही पिडलं वाटतं?”

“चित्रकार आलाय. एकटाच.”

एर्लिंदाचे हात थांबले नाहीत. “मग त्यानंही टाकलं असेल तिला. जी पोटच्या पोरीला सोडते, तिला कोण सांभाळणार?”

“ती जाताना तू पाहिलंस?”

“दुपारी. पेटी घेऊन, बूट घालून, चौकाकडे जाताना. मी हाकही मारली. वळली नाही. घरची लाज, म्हणून दोन दिवस मी हे कुणाला बोलले नाही.”

“लिंपण अर्धं टाकून?”

“लाज सोडली की काम सोडायला काय लागतं?”

“आणि ऑगस्टपासून सान आंतोनियो भिंतीकडे तोंड करून आहे, त्याला तसं कुणी ठेवलं?”

हीसुद्धा तिकडची रीत बरं का. संतानं गाऱ्हाणं ऐकलं नाही, तर लोक त्याला शिक्षा करतात. त्याचं तोंड भिंतीकडे फिरवतात. गाऱ्हाणं पुरं होईपर्यंत त्याला कुणी शिवत नाही, त्याची मिरवणूकही निघत नाही. काही जण तर त्याच्या हातातलं बाळच काढून घेतात. माझं हरवलेलं दे, मग तुझं घे.

“मीच ठेवलं,” एर्लिंदा म्हणाली. “तिसऱ्या दिवशी. आदला अख्खा दिवस सगळी आळी नदीकाठ धुंडाळत होती. तुम्हीही होतात की! मग मी म्हटलं, माणसांनी हात टेकले, आता संतालाच धरते. सकाळी त्याला फिरवलं आणि बायकांना बोलावलं. गुडघे सोलेपर्यंत प्रार्थना केली आम्ही. माझी भावजय होती ती. कशीही असो.”

तिनं डोळ्यांना शालीचं टोक लावलं. आत कासिमीरो लाकूड तासत होता. तो संतांच्या मूर्ती कोरायचा आणि जुन्या राजवाड्याच्या ओसरीत पाहुण्यांना विकायचा. त्याच्या पटाशीचा आवाज मघापासून बंद पडला होता.

“कासिमीरो, तुला काही सांगायचंय?”

“त्याला काय विचारता?” एर्लिंदा म्हणाली. “त्याच्यापेक्षा त्याचं लाकूड जास्त बोलतं.”

बाहेर फाउस्तीनोनं इकडेतिकडे पाहिलं. देल्फीना दिसेना. शेवटी ती चॅपेलच्या मागे सापडली. दक्षिणेच्या भिंतीला टेकू म्हणून बांधलेला मातीचा एक जाडजूड धिरा होता. त्याला पाठ टेकून ती रस्त्याकडे बघत बसली होती.

“इथे बसतेस होय?”

“रोज. इथून डेन्व्हरचा रस्ता दिसतो. आई आली तर त्याच रस्त्यानं येईल. आणि हिवाळ्यात ही माती ऊन धरते, पाठ शेकते.” तिनं आवाज खाली आणला. “आत्याला सांगू नका. ती मारते इथे बसलं की. पडवीत बस म्हणते, नदीवर बस म्हणते. इथे नाही.”

फाउस्तीनो तिच्याशेजारी उकिडवा बसला. तिनं खिशातून काहीतरी काढलं आणि मुठीत लपवलं.

“काय आहे ते?”

“रागावणार नाही?”

“मी फौजदार आहे, पाद्री नाही.”

तिनं मूठ उघडली. बोटाएवढं लाकडी बाळ. निळा झगा, गोल डोळे.

“आई ज्या दिवशी आली नाही, त्या संध्याकाळी मी तिला चॅपेलमध्ये शोधायला गेले. दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. मग मी सान आंतोनियोला म्हटलं, आईला शोध, तोवर तुझं बाळ माझ्याकडे. पण चढून मागूनच हात घालावा लागला. तो पाठमोरा होता ना.”

“कधी?” फाउस्तीनोनं विचारलं.

“सांगितलं ना. त्याच संध्याकाळी.”

“नक्की? दोन दिवसांनी नाही?”

“त्याच संध्याकाळी! माझ्या पायांना लिंपणाचा चिखल होता. मला वाटलं, माझ्याआधीच कुणीतरी रागावलंय त्याच्यावर.”

मुलांनो, हे लक्षात ठेवा. फौजदारानंही लक्षात ठेवलं.

“आणि हे बाळ रडतं,” देल्फीना म्हणाली. “खरंच. शेगडीजवळ निजलं की याच्या गालावर थेंब येतात. चिकट. बापाची आठवण येत असेल.”

फाउस्तीनोनं बाळ नाकाशी नेलं, बोटानं गाल पुसला आणि बोटांकडे बघत राहिला.

“दोन दिवस मला देशील?”

“परत द्याल? मी संताला शब्द दिलाय.”

“मीही देतो.”

वाटेत फाउस्तीनो रोमेरोंच्या अंगणात थोडा थांबला. पुढचं घर प्लासिदाआजीचं. आजी आळीतली सगळ्यांत जुनी लिंपणारी. ती कोंबड्याला शिव्या देत होती.

“आजी, चॅपेलचा तो दक्षिणेचा धिरा कधी झाला?”

“मागच्या ऑगस्टात. आम्ही सगळे नदीकाठी बेनिताला हाका मारत होतो, तेव्हा एर्लिंदानं आणि कासिमीरोनं बांधला. केवढी भक्ती, म्हणे पाद्री! संकटातही देवाचं काम सुटलं नाही.”

“लिंपला कुणी?”

“एर्लिंदानं. एकटीनं.”

“एकटीनं? तुम्हाला बोलावलं नाही?”

आजीची हनुवटी वर गेली. “मला का बोलावेल? माझ्या या मेल्या कोंबड्यानं तिची मिरची उकरली होती. तिनं रोमेरोंच्या बायकांना बोलावलं असेल.”

“त्या म्हणतात, तुम्हाला बोलावलं असेल.”

“असं?” आजी विचारात पडली.

“कुणी विचारलं का नाही तिला?”

“वा! आमंत्रण काय मागून घ्यायचं? आम्हाला मान नाही का?”

“आजी, त्या भिंतीला धिरा लागत होता?”

“उत्तरेची भिंत बाहेर कलते, तिला दोन आहेत. दक्षिणेची? ती माझ्यापेक्षा ताठ आहे.” आजी हसू लागली आणि मधेच थांबली. तिचा हात छातीवरच्या क्रुसाकडे गेला. “फाउस्तीनो, तू हे का विचारतोस?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर फाउस्तीनोनं चारजणांना चॅपेलमध्ये थांबवलं. एर्लिंदा, कासिमीरो, प्लासिदाआजी आणि व्हिटलॉक. देल्फीनाला घरी जायला सांगितलं होतं. ती दाराआड उभी राहिली. तुम्हीही तेच केलं असतंत.

“कासिमीरो,” फाउस्तीनो म्हणाला, “संताला आमच्याकडे वळव.”

“शिवू नका!” एर्लिंदा ओरडली. “गाऱ्हाणं पुरं झालेलं नाही. पाप लागेल!”

“पाप माझ्या नावावर घाल.” त्यानं स्वतःच मूर्ती उचलून फिरवली आणि खिडकीतल्या उन्हात ठेवली. “आजी, हा तुमचा आंतोनियो का?”

प्लासिदाआजीनं संताच्या गालावर हात फिरवला. तिनं तो चेहरा आयुष्यभर पाहिला होता. “झगा तोच. नाक तेच. पण...” तिनं मूर्ती तोलून पाहिली. “हा जड आहे. आमचा पाखरासारखा हलका होता. हा आमचा नाही रे!”

“नाही. जुने संत नदीकाठच्या झाडांच्या मुळांतून कोरत. ते लाकूड हलकं असतं. हा डोंगरातल्या चीड झाडाच्या ओल्या लाकडाचा आहे, आणि त्यातून राळ, म्हणजे चिकट डिंक, पाझरते.” त्यानं खिशातून बाळ काढलं. “हे बाळ शेगडीजवळ रडायचं. शेकडो वर्षं मेणबत्त्यांच्या धुरात वाळलेलं लाकूड कशाला रडेल? ही राळ आहे. मूर्ती नवी आहे. आणि आळीत मूर्ती कोरणारा एकच आहे.”

कासिमीरोनं मान खाली घातली.

“खरा आंतोनियो विकला गेला. त्याच्या जागी हा उभा राहिला. इथल्या अंधारात कुणाला कळलं नसतं. पण लिंपणाच्या दिवशी संताला उचलून पुसायचं असतं. त्या वर्षी ते काम कुणाचं होतं, आजी?”

“बेनिताचं,” आजी पुटपुटली.

“तिनं उचलला आणि तिला कळलं. बाहेर तुम्ही सगळ्या भिंती लिंपत होतात. आत तिच्यासमोर किल्लीवाली उभी होती. एर्लिंदा, तू म्हणालीस, संताला तिसऱ्या दिवशी फिरवलं, बेनिता सापडेना म्हणून. पण तो पहिल्याच संध्याकाळी पाठमोरा होता. देल्फीनानं मागून हात घालून हे बाळ काढलं, तेव्हा. त्या वेळी बेनिता हरवली आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग शिक्षा कशाची? तू आधी मूर्तीचं तोंड लपवलंस आणि मग त्याला कारण शोधलंस. शिक्षा झालेल्या संताला कुणी शिवत नाही, त्याची मिरवणूक निघत नाही. आमचीच रीत तू आमच्या डोळ्यांवर बांधलीस.”

“पोरीचं ऐकता?” एर्लिंदा शांत होती. “ती तर रोज दिवास्वप्नं बघते. मी पाहिलं बेनिताला, बूट घालून जाताना.”

“दुपारी ना? दुपारच्या गाडीनं व्हिटलॉक एकटा गेला. बेनिता सकाळी अनवाणी होती, कोपरापर्यंत मातीनं माखलेली. अशी बाई घरी जाऊन पाय धुते, पेटी भरते, आणि आळीभर बायका रस्त्यावर असताना तुझ्याशिवाय कुणालाच दिसत नाही? आजी, तुम्ही पाहिलंत?”

“नाही. मी कुंपणाशीच होते.”

“दुसऱ्या दिवशी तू आम्हाला नदीवर धाडलंस. मीही गेलो. मागे तुम्ही दोघंच. खड्ड्यात मळलेली माती होती, छताच्या कठड्यासाठी वाळवलेल्या विटा होत्या. तुम्ही एका ताठ भिंतीला धिरा दिला. बायकांना बोलावलं नाहीस. प्रत्येकीला वाटलं, मलाच वगळलं. तुला त्यांचा मान ठाऊक होता. आणि एक लहान मुलगी तिथे बसली, की तू तिला मारायचीस.”

कासिमीरो गुडघ्यांवर कोसळला. “दाराचा अडसर होता तिच्या हातात. एकच घाव घातला तिनं. मी फक्त विटा रचल्या. तिनं सांगितलं म्हणून रचल्या. पेटी, बूट, सगळं आत आहे. मी फक्त विटा...”

“गप्प बस, मुळूमुळू रडू नकोस!” एर्लिंदानं नवऱ्याकडे बघितलंही नाही. ती फौजदाराला म्हणाली, “मी तिला समजावलं होतं. जुना काय, नवा काय, लोक चेहऱ्यापुढे रडतात. गप्प राहिली असती तर जगली असती. पण नाही, तिला सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं.”

“जीव घेतलास तो का, ते कळलं मला,” फाउस्तीनो म्हणाला. “पण आईनं टाकलं, असं त्या पोरीला रोज निजताना का सांगायचीस?”

एर्लिंदानं शाल सारखी केली.

“रडणारी पोर शोधत राहते, फौजदार. चिडलेली पोर शोधत नाही.”

तेवढ्यात दार करकरलं. देल्फीना आत आली होती. ती आत्याकडे गेली नाही. ती फाउस्तीनोसमोर उभी राहिली.

“मी टेकायचे, तिथे?”

मोठी माणसं अशा वेळी खोटं बोलतात. फाउस्तीनोच्या ओठांवरही ते आलं होतं. पण त्या मुलीशी इतकं खोटं बोलून झालं होतं, की त्याच्यानं आणखी बोलवेना.

“हो, बाळ. तिथेच.”

ती दक्षिणेच्या भिंतीकडे वळली. मग म्हणाली, “म्हणजे ती गेलीच नव्हती.”

धिरा फोडला तेव्हा प्लासिदाआजीनं तिला घरात धरून ठेवलं. पहारीचे आवाज मात्र धरून ठेवता आले नाहीत.

कासिमीरोनं गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं होतं. डेन्व्हरमधल्या एका शौकिनाच्या काचेच्या कपाटातून खरा आंतोनियो निघाला आणि अंत्ययात्रेच्या सकाळी आळीत परतला. घंटा वाजली. बायका रडत त्याच्या पाया पडल्या. त्याला कोनाड्यात उभा केला, तोंड लोकांकडे. हातावर बाळ होतं, धुरानं काळवंडलेलं. खाली बेनिताची शवपेटी होती. झाकण अजून ठोकलं नव्हतं. आत सगळं पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं होतं.

फाउस्तीनोनं शब्द पाळला. त्यानं चिडाचं बाळ देल्फीनाला परत दिलं. तिनं ते एकदा बघितलं आणि मेणबत्त्यांच्या जाळात टाकलं. राळेमुळे ते भरभर जळलं.

मग तिनं बाक ओढला, त्यावर चढली आणि संताच्या समोर तोंड आणलं.

“ज्याला सांगितलं तो तू नव्हतास,” ती म्हणाली. “माहीत आहे मला. पण आईला हवा होतास, तेव्हा तू इथे नव्हतासच ना.”

पाद्री पुढे झाला. फाउस्तीनोनं त्याचा हात धरला.

देल्फीनानं संताच्या हातावरचं खरं बाळ हळूच सोडवून घेतलं. ती खाली उतरली, शवपेटीशी गेली आणि पांढऱ्या कापडाची घडी उघडून तिनं ते बाळ आईच्या कुशीत ठेवलं. मग घडी नीट मिटली आणि खिळे ठोकणाऱ्याला म्हणाली, “आता लावा.”